पाण्याची पाळी : मिथेनॉल, धातूंची ऑक्साइडे आणि एक सोपा गैरसमज

नगर जिल्ह्याच्या उत्तरेला, कोपरगाव-राहाता-श्रीरामपूरच्या पट्ट्यात, पाटाच्या पाण्याने ऊस आला आणि त्याच पाण्याने कितीतरी रानं चिबडली. दक्षिणेला, पाथर्डी-जामखेड-कर्जतकडे, माणसे टँकरची वाट पाहत राहिली. त्यामुळे पाणी चांगले की वाईट, असा प्रश्न इथल्या शेतकऱ्याला पडतच नाही. किती, कधी आणि कुठल्या जमिनीला, हे तो विचारतो. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या आणि वापरणाऱ्या आपण मंडळींनी मात्र उत्प्रेरकांच्या बाबतीत हा साधा प्रश्न सोडून दिला आहे. तिथे पाणी म्हणजे अशुद्धी, उत्प्रेरकाचे विष, आणि ते काढून टाकले की काम झाले, असा समज पाठ्यपुस्तकापासून कारखान्याच्या कंट्रोल रूमपर्यंत पसरलेला आहे.

माझे म्हणणे असे आहे. धातूंच्या ऑक्साइडांवर मिथेनॉलची अभिक्रिया होते तेव्हा पाणी चार नात्यांनी वावरते. ते जागेसाठी मिथेनॉलशी स्पर्धा करते. ते अभिक्रियेत भाग घेते. ते पृष्ठभागाची घडणच बदलते. आणि काही ठिकाणी ते तयार झालेल्या मालाची राखण करते. यातले कोणते नाते वरचढ ठरेल हे ऑक्साइड, तापमान आणि पाण्याचे प्रमाण मिळून ठरवतात. म्हणून कोरड्या मिथेनॉलवर घेतलेल्या आकड्यांवरून एखाद्या उत्प्रेरकाला चांगला किंवा वाईट ठरवणे हा अर्धाच हिशेब आहे. साखरेच्या आणि अल्कोहोलच्या या जिल्ह्याला हा अर्धा हिशेब पुढेमागे महागात पडू शकतो.

## १. समज आला कुठून

आपल्याकडे अल्कोहोल म्हणजे मळीचे, उसाच्या रसाचे इथेनॉल. पेट्रोलमध्ये मिसळायचे तर ते ९९.५ टक्क्यांच्या वर शुद्ध लागते, कारण पाणी राहिले तर टाकीत पेट्रोलपासून वेगळा थर बसतो. साध्या ऊर्ध्वपातनाने मात्र वजनाने ९५.६ टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही. तिथे इथेनॉल आणि पाणी एकाच प्रमाणात उकळतात. उरलेले पाणी ओढून घेण्यासाठी डिस्टिलरीत मॉलिक्युलर सीव्हचे दोन मनोरे असतात. आतल्या मण्यांची छिद्रे तीन अँगस्ट्रॉमची. पाण्याचा रेणू आत शिरतो, इथेनॉलचा मोठा रेणू बाहेरच राहतो. एक मनोरा पाणी पीत असतो तेव्हा दुसरा ते ओकत असतो, आणि दर काही मिनिटांनी झडपा खडखडत पाळी बदलते.

हे मणी एकदा हातात घेऊन पाहावेत. चांगले भाजलेले मूठभर मणी तळहातावर ठेवायचे आणि वर चमचाभर गार पाणी सोडायचे. बारीक चरचर ऐकू येते आणि दोन-चार क्षणांत हात झटकून मणी खाली टाकावे लागतात, इतके ते तापतात. पाणी किती घट्ट चिकटते याचा हा सर्वांत प्रामाणिक पुरावा आहे. विद्यार्थ्यांना मी समीकरणाआधी हेच दाखवतो.

ज्याने हे पाहिले आणि वर्षानुवर्षे पाणी काढण्याचाच पगार घेतला, त्याला पाणी शत्रू वाटले तर दोष देता येत नाही. पण मिथेनॉलची गोष्ट इथेच वेगळी होते. मिथेनॉल आणि पाणी यांच्यात अशी अडवणूक नाही. उंच मनोऱ्यात नुसत्या ऊर्ध्वपातनाने ते वेगळे होतात. त्यामुळे मिथेनॉलच्या माणसाला उलटाच दिलासा मिळतो : पाण्याचे काय, शेवटी कॉलममध्ये निघून जाईल. पाणी मुरते ते इथेच. कॉलममध्ये पोचण्याआधी ते पाणी उत्प्रेरकावरून गेलेले असते, आणि बहुतेक वेळा तिथेच जन्मलेले असते.

## २. कोरडा पृष्ठभाग ही कल्पनाच तपासावी

गॅमा ॲल्युमिनाची पांढरी गोळी घ्या. हवेत ठेवलेल्या त्या गोळीचा सगळा पृष्ठभाग हायड्रॉक्सिल गटांनी, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्यांनी, झाकलेला असतो. ती भट्टीत तापवली की शेजारशेजारचे दोन गट एकत्र येतात, एक पाण्याचा रेणू उडून जातो आणि मागे एक उघडा ॲल्युमिनियम अणू उरतो. इलेक्ट्रॉनची भूक असलेली ही आम्लधर्मी जागा. म्हणजे उत्प्रेरकाची कामाची जागा पाणी निघून गेल्यामुळेच तयार होते. किती पाणी गेले आणि किती राहिले, यावर किती जागा आणि कोणत्या प्रकारच्या हे ठरते.

आता मिथेनॉल येते. त्याचा हायड्रोजन पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनकडे जातो, उरलेला मेथॉक्सी गट धातूच्या अणूवर बसतो. व्हॅनेडियम असो, मोलिब्डेनम असो, टायटॅनियम असो, बहुतेक ऑक्साइडांवर पहिली पायरी हीच. या पायरीत एक हायड्रॉक्सिल गट नव्याने तयार होतो, तसे दोन गट जुळले की पाणी होते. हा सगळा व्यवहार उलटाही चालतो. पाण्याचा रेणू येऊन मेथॉक्सी गटाला परत मिथेनॉल करून पाठवून देऊ शकतो. पाणी बाहेरून घुसलेले नसते. अभिक्रियेच्या पहिल्या पायरीपासून ते पृष्ठभागाच्या देवघेवीत असते.

## ३. स्पर्धा : जिथे पाटकरी नाही

मिथेनॉलपासून डायमिथाइल ईथर, म्हणजे डीएमई, करताना मिथेनॉलचे दोन रेणू जुळतात आणि पाण्याचा एक बाहेर पडतो. हा वायू स्वयंपाकाच्या गॅससारखा द्रवरूपात साठवता येतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने मिथेनॉलपासून दिवसाला वीस ते चोवीस किलो डीएमई करणारे प्रायोगिक संयंत्र उभारले आणि डीएमई-एलपीजी मिश्रणावर चालणारी ‘अदिती ऊर्जा सांच’ ही शेगडीही तयार केली. तेव्हा विषय दूरदेशीचा नाही.

या अभिक्रियेचा जुना, स्वस्त आणि नेमका उत्प्रेरक म्हणजे गॅमा ॲल्युमिना. त्याची अडचण अशी की त्याच्या उघड्या ॲल्युमिनियम जागांना मिथेनॉलपेक्षा पाणी अधिक घट्ट चिकटते. आपल्या कालव्यांवर शेजपाळी असते. कोणाला कधी पाणी सोडायचे ते ठरलेले असते आणि पाटकरी ते पाळायला लावतो. उत्प्रेरकावर पाटकरी नसतो. जो घट्ट धरतो तो बसून राहतो, दुसऱ्याने वाट पाहायची. चिकटण्याचे बळ आणि भोवतीच्या वाफेतले प्रमाण, या दोनच गोष्टी पाळी ठरवतात.

प्रमाणाचा हिशेब करून पाहू. रिॲक्टरच्या तोंडाशी शंभर रेणू मिथेनॉल आहे, पाणी शून्य. निम्मे मिथेनॉल बदलले तेव्हा पन्नास रेणू मिथेनॉल उरते आणि पंचवीस रेणू पाणी होते. ऐंशी टक्के बदलले तेव्हा उरलेले मिथेनॉल वीस, पाणी चाळीस. म्हणजे एकाच नळीत, एकाच उत्प्रेरकाच्या वरच्या थराला पाणी जवळजवळ दिसतच नाही आणि खालच्या थराला मिथेनॉलच्या दुप्पट पाणी सोसावे लागते. प्रयोगशाळेत पाच-दहा टक्के रूपांतरावर मोजलेला वेग वरच्या थराचा असतो. कारखाना मात्र खालच्या थराने बांधला जातो.

तापमान वाढवले की ही पकड सैल होते. ॲल्युमिनावर पाण्याचा अडथळा कमी तापमानाला सर्वांत जास्त जाणवतो आणि वर जाताना तो ओसरत जातो. झेडएसएम-५ सारख्या जिओलाइटच्या, म्हणजे सच्छिद्र ॲल्युमिनोसिलिकेटच्या, आम्लधर्मी जागा पाण्याला इतक्या दबत नाहीत, पण त्या इतक्या तीव्र असतात की डीएमईवर न थांबता पुढे हायड्रोकार्बन आणि कोळशाचा थर करत सुटतात. पाण्याला न घाबरणारा उत्प्रेरक आपोआप चांगला ठरत नाही, तो असा.

आणि सगळीकडे पाणीच जिंकते असेही नाही. रुटाइल टायटॅनियम डायऑक्साइडच्या स्वच्छ स्फटिकावर मिथेनॉल आणि पाणी गोठवून बसवले आणि हळूहळू तापवले, तर पाणी थोडे आधी उडते, मिथेनॉल थोडे नंतर. धातू बदलला की पाळीचा क्रम उलटतो. ‘पाणी उत्प्रेरकाला मारते’ हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. कोणत्या उत्प्रेरकाला, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो : यात नवे काय, पाणी हे उत्पादन आहे, ते वाढले की समतोलाच्या नियमाने अभिक्रिया मागे सरकणारच. आक्षेप वाजवी आहे, पण तो दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देतो. अभिक्रिया कुठपर्यंत जाऊ शकते ते समतोल सांगतो, किती वेगाने जाईल ते सांगत नाही. समतोल अजून कितीतरी दूर असताना, रूपांतर जेमतेम पाच टक्के असताना, मिथेनॉलबरोबर थोडी वाफ सोडली तरी ॲल्युमिनावरचा वेग लगेच पडतो. समतोलाने हे समजावता येत नाही, जागा अडल्याने समजावता येते. इलाजही त्यामुळे बदलतो. समतोलाचा प्रश्न असता तर पाणी सतत बाहेर काढत राहणे हाच मार्ग होता. जागेचा प्रश्न असल्यामुळे तापमान किंवा पृष्ठभाग बदलूनही तो सुटतो.

## ४. एकच माल, दोन कारखाने

पाण्याला सरसकट विष म्हणणाऱ्याने फॉर्माल्डिहाइडच्या दोन पद्धती शेजारी ठेवून पाहाव्यात. दोन्हीत कच्चा माल मिथेनॉल आणि हवा, दोन्हीत माल एकच.

पहिल्या पद्धतीत आयर्न मोलिब्डेट हे मिश्र ऑक्साइड वापरतात, साधारण २५० ते ४०० अंशांच्या दरम्यान. मेथॉक्सी गट तयार होतो, त्याचा एक कार्बन-हायड्रोजन बंध तुटतो, ऑक्साइड स्वतःचा ऑक्सिजन देते आणि हवेतून तो भरून घेते. प्रत्येक फॉर्माल्डिहाइडमागे पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. ते पाणी मेथॉक्सी गटांना परत फिरवून वेग कमी करते. इथे पाणी अडथळाच आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे.

दुसऱ्या पद्धतीत चांदीच्या जाळीवरून किंवा कणांवरून सुमारे ७०० अंशांना मिथेनॉलची वाफ जाते. बीएएसएफ या कंपनीने विकसित केलेल्या प्रकारात मिथेनॉलमध्ये मुद्दाम पाणी मिसळतात. ती वाफ उष्णता वाहून नेते, रूपांतर वाढवते आणि चांदीवर बसणारा कार्बन साफ ठेवते. चांदी ऑक्साइड नाही, म्हणून हे उदाहरण माझ्या विषयाच्या काठावरचे आहे. पण दुकानात दोन्ही कारखान्यांचे फॉर्मलिन, म्हणजे फॉर्माल्डिहाइडचे पाण्यातले द्रावण, शेजारी ठेवले तर कोणते कोणते ते ओळखता यायचे नाही. एका कारखान्याने पाण्याला वैरी मानले, दुसऱ्याने ते विकत घेऊन आत सोडले, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

आयर्न मोलिब्डेटबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण वेग पडला की सगळा दोष पाण्यावर टाकण्याची सवय तिथे उघडी पडते. हा उत्प्रेरक वापरता वापरता झिजतो, पण त्याचे मोलिब्डेनम उचलून नेणारा मुख्य आरोपी मिथेनॉलची वाफ आहे. वरच्या तप्त थरातून मोलिब्डेनम वाफेबरोबर निघते आणि खाली, जिथे मिथेनॉल संपत आलेले असते, तिथे सुईसारख्या बारीक स्फटिकांच्या रूपात बसते. नळ्या तुंबतात, दाब वाढतो.

## ५. जिथे पाणी मागून घ्यावे लागते

मिथेनॉलपासून हायड्रोजन काढायचा असेल तर तांबे, झिंक ऑक्साइड आणि ॲल्युमिना यांच्या मिश्र उत्प्रेरकावर २०० ते ३०० अंशांना मिथेनॉल आणि वाफ एकत्र सोडतात. मिथेनॉलचा एक आणि पाण्याचा एक रेणू मिळून हायड्रोजनचे तीन रेणू आणि एक कार्बन डायऑक्साइड. यातला एक हायड्रोजन चक्क पाण्यातून येतो. पाणी कमी पडले तर कार्बन मोनॉक्साइड उरते, आणि इंधन-विद्युतघटातल्या प्लॅटिनमला तो वायू बाधतो. म्हणून हिशेबापेक्षा थोडे जास्तच पाणी देतात.

राखणदाराची भूमिका याहून सूक्ष्म आहे. मिथेनपासून सरळ मिथेनॉल करणे अवघड, कारण मिथेनॉल मिथेनपेक्षा सहज जळते. हाती येईपर्यंत त्याचा कार्बन डायऑक्साइड झालेला असतो. २०२० साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या संशोधनात सिरियम ऑक्साइड आणि तांब्याच्या ऑक्साइडाच्या पृष्ठभागावर मिथेन आणि ऑक्सिजनबरोबर पाणी सोडले, तेव्हा मिथेनॉलचा वाटा वाढला. पाण्याचे रेणू त्या जागा व्यापतात जिथे मिथेन पार जळून गेले असते, आणि पृष्ठभागावरच्या मेथॉक्सी गटाला मिथेनॉल बनवून सोडवून नेतात. चौथ्या भागात मेथॉक्सीला परत पाठवणारे पाणी आयर्न मोलिब्डेटच्या मुळावर आले होते. इथे नेमकी तीच कृती हवीशी आहे. एकच रासायनिक पायरी एका ठिकाणी नुकसान करते आणि दुसऱ्या ठिकाणी माल वाचवते. माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा हा आहे.

## ६. पृष्ठभागच बदलतो तेव्हा : नगरचा हिशेब

आतापर्यंतची स्पर्धा उलटवता येणारी होती. पाणी थांबवले की जागा मोकळ्या. पण पाणी काही वेळा रचनाच बदलते, आणि ते नुकसान भरून येत नाही. या जिल्ह्याचा संबंध सर्वांत जवळचा आहे तो इथे.

१९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि पुढे या पट्ट्यात कारखान्यांमागोमाग डिस्टिलऱ्या आल्या. साकरवाडीला तर अल्कोहोलपासून असेटाल्डिहाइड, इथाइल असिटेट अशी रसायने बनतात. यीस्ट साखर आंबवते तेव्हा इथेनॉलच्या प्रत्येक रेणूमागे कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू सुटतो. दिवसाला साठ हजार लिटरची डिस्टिलरी धरली तर इथेनॉल झाले सुमारे ४७ टन आणि कार्बन डायऑक्साइड सुमारे ४५ टन. चिमणीतल्या धुरापेक्षा हा वायू कितीतरी शुद्ध. त्याचे मिथेनॉल करायचे तर सहा टनांहून थोडा जास्त हायड्रोजन लागेल, नुकसान न धरता ३३ टन मिथेनॉल मिळेल आणि त्याबरोबर साडेअठरा टन पाणी बाहेर पडेल. आइसलंडमध्ये स्वार्त्सेंगी इथे भूऔष्णिक वायूपासून असेच मिथेनॉल करणारा कारखाना वर्षाला चार हजार टनांचा होता, म्हणजे दिवसाला अकरा टनांच्या आसपास. आपली एक मध्यम डिस्टिलरी त्याच्या तिपटीएवढा कच्चा वायू देते.

ते साडेअठरा टन पाणी कळीचे आहे. १९६०च्या दशकात आयसीआय या कंपनीने आणलेला तांबे-झिंक ऑक्साइड-ॲल्युमिना उत्प्रेरक कार्बन मोनॉक्साइडने भरलेल्या वायूसाठी घडवलेला होता. किरणोत्सारी कार्बन वापरून १९८०च्या दशकात दिसून आले की तिथेही मिथेनॉलमधला कार्बन मुख्यतः कार्बन डायऑक्साइडमधून येतो. मग मोनॉक्साइड काय करतो? तयार होणाऱ्या पाण्याला तो गाठतो, त्याचा हायड्रोजन मोकळा करतो आणि स्वतः डायऑक्साइड होतो. तो उत्प्रेरकाला कोरडे ठेवत होता. डिस्टिलरीच्या वायूत तो नाही. पाणी उत्प्रेरकावर साचते, तांब्याचे आणि झिंक ऑक्साइडचे नॅनो आकाराचे कण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि तांब्याचा कामाचा पृष्ठभाग घटत जातो. रान चिबडते तसे हे आहे. पाट बंद केला म्हणून चिबडलेले रान लगेच कसाला येत नाही.

उपाय शोधताना संशोधक ॲल्युमिनाऐवजी पाण्याला कमी धरणाऱ्या झिर्कोनियाकडे वळले, काही जण इंडियम ऑक्साइडकडे. इंडियम ऑक्साइडवर पुन्हा प्रमाणाचाच धडा मिळाला. अगदी अल्प वाफेने मिथेनॉल वाढले, जास्त वाफेने घटले.

## ७. दोन आक्षेप

कारखान्यातला अनुभवी माणूस म्हणेल, तुमची चार नाती राहू द्या, पाणी काढून टाकण्यात धोका नाही. त्याच्या सावधपणाचा मला आदर आहे. पण जे पाणी अभिक्रियेतच जन्मते ते आधी काढणार कसे? राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या अल्बीन पद्धतीत अल्कोहोल सरळ बेंझीनला जोडून एथिलबेंझीन केले गेले, आणि विशाखापट्टणमला ते कारखान्याच्या पातळीवर आले. त्या अभिक्रियेत पाणी तयार होतेच. जुन्या पद्धतीतले उत्प्रेरक, ॲल्युमिनियम क्लोराइड, त्या पाण्याने संपले असते. सिलिकाप्रधान जिओलाइटला पाण्याची ओढ कमी, म्हणून तो टिकला. तिथे पाण्याशी जुळवून घेणारा पृष्ठभाग निवडला गेला आणि म्हणून अल्कोहोल सरळ वापरता आले.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो जड आहे. वर सांगितलेला सहा टन हायड्रोजन पाण्याच्या विद्युत अपघटनाने करायचा तर रोज तीन लाखांहून अधिक युनिट वीज आणि पंचावन्न टन पाणी लागेल. एवढी स्वस्त वीज आज डिस्टिलरीच्या दारात नाही. हे मी नाकारत नाही. उद्याच कारखाना काढा असेही माझे म्हणणे नाही. पण वीज स्वस्त होईल त्या दिवशी उत्प्रेरकाची ओली चाचणी सुरू करून चालणार नाही. पृष्ठभाग हजारो तास पाण्यात टिकतो की नाही हे कळायला हजारो तासच लागतात.

## ८. काय मोजावे

आपल्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत ऑक्साइड उत्प्रेरकांवर पुष्कळ प्रबंध होतात. बहुतेकांत मिथेनॉल कोरडे असते, आणि गॅस क्रोमॅटोग्राफला जोडलेला ज्वालेचा शोधक पाणी दाखवतच नाही. त्या शोधकाच्या कागदावर पाण्याचे शिखर उमटत नाही, म्हणून पाणी अभ्यासातूनही गळते. उष्णतावाहकतेवर चालणारा शोधक जोडला की ते दिसू लागते.

चाचणी अवघड नाही. आधी कोरड्या मिथेनॉलवर काही तास. मग त्याच उत्प्रेरकावर, तापमान न बदलता, मिथेनॉलबरोबर ठरलेल्या प्रमाणात पाणी, आणि तेही दोन-तीन वेगवेगळ्या प्रमाणांत. मग पुन्हा कोरडे मिथेनॉल. तिसऱ्या टप्प्यात वेग पहिल्याइतका परतला तर पाण्याने फक्त जागा अडवली होती. परतला नाही तर पृष्ठभागच बदलला आहे, आणि तो उत्प्रेरक उघडून, कणांचा आकार मोजून पाहावा लागेल. पाण्यामुळे वेग वाढला किंवा मालाची शुद्धता वाढली तर तेही तितक्याच ठळकपणे नोंदवावे, अपवाद म्हणून तळटीपेत ढकलू नये. यासाठी लागतो एक सिरिंज पंप, तापवलेली नळी आणि नळीच्या कोपऱ्यात पाणी थेंब होऊन अडकणार नाही एवढी काळजी.